कुंदाचा उजवा डोळा

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आई शेवटच्या आजारात माझा हात धरून पडलेली असायची तेव्हा तिलाही नाही. पंचवीस वर्षं — जास्तच — हे मी तोंडातून बाहेर पडू दिलं नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा बोलले. आता सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलंय. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. ओळखत असतात तर मी पुन्हा काहीतरी सावरून घेतलं असतं.

कुठून सुरुवात करू? तुर्भ्यापासून करते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सत्तावीस वर्षांची, तुर्भ्याला एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात टायपिस्ट. नेरूळला आईवडिलांबरोबर राहायचे. लग्नाची बोलणी सतत चाललेली आणि सतत फिसकटत असलेली. आमच्या कारखान्याचे सिक्युरिटी ऑफिसर होते शेडगे सर. साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले, तिथे वर्षानुवर्षं जवानांना नेमबाजी शिकवलेले. त्यांचा पुतण्या जहाजावर नोकरीला होता. त्याने एकदा येताना चार पिस्तुलं आणली — दिसायला अगदी खरी, पण आतून उडायच्या मिऱ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या. खोक्यावर 'एअरसॉफ्ट' असं छापलं होतं. तो शब्द आम्ही कुणीच आधी ऐकलेला नव्हता. पुतण्याने दिली खेळणी म्हणून. सरांनी मात्र ती एकदाही खेळणं म्हणून हातात घेतली नाहीत.

शेजारचं एक गोडाऊन रिकामं पडलं होतं. मालकाला विचारून सरांनी तिथे दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. आसपासच्या कारखान्यांतले पाच-सहा गार्ड यायचे, आणि मी. मी का? कॉलेजात एनसीसी केली होती, एवढंच सांगायचे सगळ्यांना. खरं म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करणाऱ्या बाईला एखादी गोष्ट स्वतःची हवी होती. ती मला तिथे मिळाली.

एका जागी उभं राहून गोळ्या झाडायच्या, असला प्रकार नव्हता. सरांनी तेलाचे डबे कापून पत्र्याची माणसं केली होती, पुठ्ठ्याच्या भिंती आणि दारं उभी केली होती. शिट्टी वाजली की चालत निघायचं, दाराशी थांबायचं, वळायचं, गुडघ्यावर बसायचं, पाच पत्रे पाडायचे. सर स्टॉपवॉच घेऊन मागे. वेळ वहीत लिहायचे आणि पत्रा चुकला की वर दोन सेकंद दंड. मी मनापासून शिकले. घरी आरशासमोर हात सरळ धरून उभी राहायचे, खांदा भरून येईपर्यंत. आठ महिने त्या वहीत माझं नाव सगळ्यात वर होतं.

मग कुंदा आली.

कुंदा नावड्याची. वडिलांची शेती तळोज्याच्या कारखान्यांत गेलेली. तिथल्याच एका गेटवर ती बायकांची झडती घ्यायला गार्ड म्हणून उभी राहायची. तेवीस वर्षांची, काटक, हसली की सगळे दात दिसायचे. पोलीस भरतीची तयारी करत होती — पहाटे उठून धावायची, गोळा फेकायची. रविवारी दोन बस बदलून तुर्भ्याला यायची. "सर, मना लवकर शिकवा, भरती जवल आलीय," असं पहिल्याच दिवशी म्हणाली. भरतीला पिस्तूल चालवावं लागत नाही, हे सरांनी तिला सांगितलं. "पन नंतर लागंल ना?" म्हणाली. झालं! सर तिच्यावर खूश.

दहा रविवारांत तिने मला मागे टाकलं.

तुम्हाला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. उलट मला ताई म्हणायची, घरून भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची, अर्धी मला द्यायची. मी ती खायचे. आणि मनात तिचे सेकंद मोजायचे.

आता पिस्तुलाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला की एक गोळी मॅगझिनमधून वर नळीत येऊन बसायची. मॅगझिन काढून घेतलं, तरी ती एक गोळी आतच राहायची. म्हणून सरांचा नियम होता — मॅगझिन काढा, मग वाळूच्या पोत्यावर रोखून चाप ओढा, मग वरचा भाग ओढून नळीत डोळ्यांनी बघा, मग मोठ्याने म्हणा, "रिकामं." प्रत्येक वेळी, प्रत्येकाने. दुसरा नियम सेफ्टी गॉगलचा. सर 'संपलं' म्हणेपर्यंत गॉगल कुणीही काढायचा नाही. हे दोन नियम मी नव्या लोकांना स्वतः शिकवायचे. मीच!

दिवाळीनंतर नवी तुकडी येणार होती. सर म्हणाले होते की हाताखाली एकजण लागेल, आणि तो एकजण ते वही बघून निवडतील. त्या रविवारी शेवटच्या फेऱ्या होत्या. दोघे गार्ड चहाला बाहेर गेले होते, बाकीचे आलेच नव्हते. गोडाऊनमध्ये आम्ही तिघंच — सर, कुंदा आणि मी. कुंदाची फेरी आधी झाली. मग माझी. माझा तिसरा पत्रा चुकला. सरांनी वेळ सांगितली नाही, नुसतं "संपलं" म्हणाले आणि पाठ करून वहीत लिहायला लागले. त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं.

मी मॅगझिन काढलं. पोत्यापाशी गेले नाही. नळीत बघितलं नाही. 'रिकामं' म्हणाले नाही. पुठ्ठ्याच्या दाराआड जाऊन तो तिसरा पत्रा का चुकला, ते हाताला विचारत होते — तसंच वळले, तसाच हात वर केला, आणि चाप ओढला.

त्याच क्षणी कुंदा पलीकडून आली. गॉगल कपाळावर सरकवून, ओढणीने घाम पुसत. 'संपलं' म्हटलेलं होतं. ती अगदी बरोबर वागली होती.

किंकाळी नाही आली. "आई" असं हळू म्हणाली आणि खाली बसली. उजव्या डोळ्यावर तळवा.

सरांची पाठ होती, चापाचा टिचकीएवढा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता; वळले तर कुंदा खाली बसलेली. ते धावत आले. मी तोपर्यंत पिस्तूल टेबलावर ठेवलेलं होतं. ते कधी ठेवलं? मला आठवतं — आधी ठेवलं, मग तिच्याकडे गेले. सरांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी, एक श्वाससुद्धा न घेता, म्हणाले, "सर, माझी शेवटची गोळी पत्र्यावरून उलटून आली असणार. हिने गॉगल आधीच काढला होता. तुम्ही संपलं म्हणायच्या आधी."

हे वाक्य मी घडवलेलं नव्हतं, ते तयारच होतं. कुठून आलं? माझ्याच आतून आलं, दुसरीकडून कुठून येणार?

रिक्षाने वाशीला डॉक्टरांकडे नेलं. मधे कुंदा, एका बाजूला सर, एका बाजूला मी. तिचं डोकं माझ्या खांद्यावर. सर तिला सारखं विचारत होते, "बेटा, गॉगल काढलास का आधीच?" ती दुखण्यात होती. म्हणाली, "घाम आलता सर... काढला असंल." बस्स. मी बोलले ते तिच्या तोंडून खरं झालं.

डोळ्यात रक्त उतरलं होतं. महिन्याभराने रक्त गेलं, नजर काही आली नाही. समोर दुधाची काच धरल्यासारखं दिसतं, असं ती सांगायची. भरतीत ती धावण्यात पहिली आली. वैद्यकीय तपासणीत तिला बाहेर काढलं.

सरांनी वर्ग बंद केला. पिस्तुलं पुतण्याला परत केली. दर महिन्याला नावड्याला जाऊन ते तिच्या आईसमोर बसून यायचे. एकदा कारखान्याच्या गेटवर मला थांबवून म्हणाले, "वैजू, गॉगल डोळ्यावर आहे का हे बघायचं माझं काम होतं. मी बघितलं नाही. इतकी वर्षं शिकवलं आणि एका पोरीकडे बघितलं नाही." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "सर, तुमचा काय दोष?" त्यांची समजूत काढली! आणि त्यांनी माझे आभार मानले. काही वर्षांनी ते गेले. ते ओझं घेऊनच गेले.

कुंदाने हार मानली नाही. गार्डची सुपरवायझर झाली, मग पंधरा वर्षांपूर्वी स्वतःची संस्था काढली. खारघरला एक हॉल घेऊन ती आता बायकांना सुरक्षारक्षकाचं प्रशिक्षण देते. आमचं येणंजाणं राहिलं — तिने ठेवलं. माझ्या मुलीच्या बारशाला ती आली होती. दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला, "ताई, नव्या बॅचसमोर चार शब्द बोला." गेले. समोर वीस-बावीस मुली, निळ्या गणवेशात. कुंदा उभी राहिली, उजव्या डोळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ह्यो डोला बघा. नियम मोडला मी. सरांनी संपलं म्हनायच्या आधी गॉगल काढला. चूक माझी व्हती. दर बॅचला सांगते, आज तुमाला सांगते."

दर बॅचला! पंधरा वर्षं ती माझी चूक स्वतःची म्हणून सांगत होती, ताठ मानेने, लाज न धरता. आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीत. मग माझी पाळी आली. मी शिस्तीबद्दल बोलले. टाळ्या वाजल्या.

त्या दिवसानंतर मला जेवण गोड लागलं नाही, असलं काही मी लिहिणार नाही. जेवले, झोपले, कामं केली. पण एक गोष्ट ठरली. ती हॉलमध्ये पुन्हा अशी उभी राहण्याआधी मी सांगणार. महिनाभर वाक्य पाठ केलं. मग एका सकाळी नावड्याला तिच्या घरी गेले. तिने चहा ठेवला. मी म्हटलं, "आधी ऐक." आणि सांगितलं — पोत्यापाशी गेले नाही, नळीत बघितलं नाही, चाप मी ओढला, तू गॉगल सरांनी संपलं म्हटल्यावरच काढला होतास.

ती गॅस बंद करायला उठली. परत येऊन बसली. एकच विचारलं, "सरांना म्हाईत व्हता?"

"नाही."

"म्हंजे ते तसेच गेले."

"हो."

ती रडली नाही. मला शिवी दिली नाही. घड्याळ बघितलं. "अकराला बॅच हाय," म्हणाली. "तिथं सांगा. माझ्यासमोर."

आम्ही तिच्या स्कूटरवरून खारघरला गेलो. हॉलमध्ये ती मागच्या रांगेत जाऊन बसली, आणि मी सगळं पुन्हा सांगितलं. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, तेव्हा घाबरला होता का तुम्ही?"

किती सोपं होतं हो म्हणणं! सगळ्यांना पटलं असतं. कदाचित कुंदालाही.

"नाही," मी म्हटलं. "भीती नंतर आली. रिक्षात हिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि माझ्या मनात आलं की आता दिवाळीनंतर सरांच्या हाताखाली मीच असणार."

हे मी तिच्या घरी सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलंही नव्हतं. पण ते होतं, आणि तेच सगळ्यात खरं होतं.

कुंदा उठली, पुढे आली. मुलींना म्हणाली, "वह्या काढा." मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात, "ताई, आता तुमी जा. आनि परत येऊ नका."

मी पर्स उचलली आणि निघाले. त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केलेला नाही. करणारही नाही. त्या रविवारी चहाला गेलेले ते दोघे गार्ड कुठे आहेत ते शोधतेय; त्यांनीही माझंच वाक्य खरं धरलं होतं. शेडगे सरांचा पुतण्या पनवेलला राहतो, असं कळलंय. पत्ता मिळाला आहे. शनिवारी जाणार आहे.