काळ्या कपड्याखालचा शब्द

आमचा फोटोवाला कॅमेऱ्यामागे जाऊन काळा कपडा डोक्यावर घ्यायचा, आणि थोड्या वेळाने आतून एकच इंग्रजी शब्द बाहेर यायचा. "चार्मिंग." कधी "लव्हली." नव्या नवरदेवाला "हँडसम," मिशीवाल्या पाटलाला "डिग्निफाइड."

तुमच्यापैकी कोणी त्या काळी शहाद्याच्या स्टँडवरून बाजाराकडे गेलं असेल, तर त्याची ती काचेच्या छपराची खोली पाहिली असेल. सुरतेच्या एका स्टुडिओत तो पोरवयात पाणी भरायचा. तिथला मालक गिऱ्हाइकांना हे शब्द ऐकवायचा. याने ते उचलले आणि आमच्याकडे आणले.

आमच्या लोकांना ते कळत नसत. पण शब्द कानावर पडला की माणूस ताठ बसे, मान वर करी. तापीकाठची एक म्हातारी फोटोला बसली होती, तिला आतून "ग्रेसफुल" ऐकू आलं. अर्थ विचारल्याशिवाय ती हलेना. तो कपड्यातून डोकं काढून अहिराणीत म्हणाला, "म्हंजे, माय, तू आते बठेल शे तसं." आत्ता बसली आहेस, तशी.

शब्द तो फुकट वाटत नसे. एखाद्याला देई, एखाद्याला नाही. मी लायसनच्या फोटोसाठी दोनदा बसलो. दोन्ही वेळा आतून नुसता खोकला आला.

मी मिरचीचा व्यापारी. डोक्यावरून पोती वाहून दुकान उभं केलं, आणि घासाघीस केल्याशिवाय आजवर काही घेतलेलं नाही. आईवडील लवकर गेले. धाकटी बहीण मीच वाढवली. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, चेहरा वणांनी भरलेला. दोन स्थळं येऊन गेली. दोन्ही वेळा पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणाले. तिसरं स्थळ असं उठून जाऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं. आधी फोटो पाठवायचा, आणि तोही वण नसलेला. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून हा माणूस सगळ्यांचे डाग घालवायचा, मला माहीत होतं.

त्याला तसं बजावलं, भाव पाडला आणि बहिणीला बसवलं. कपड्याखाली तो बराच वेळ होता. मी वैतागलो. मग आतून आलं, "अट्रॅक्टिव्ह."

बहिणीने अर्थ विचारला. तो बाहेर आला, तिच्याकडे नीट बघत मराठीत म्हणाला, "बाई, म्हणजे नजर एकदा गेली की परत जाते."

तेवढ्यात दुकानाचा माणूस बोलवायला आला म्हणून मी रस्त्यावर गेलो. तिथेच घात झाला.

आठवड्याने फोटो हातात आला. एकूण एक वण जागेवर. माझं डोकं फिरलं. बाजारातली माणसं दाराशी गोळा होईपर्यंत मी त्याला बोललो. फोटो पुसायच्या फडक्याने तो हात पुसत राहिला. मग शांतपणे सांगितलं की मी बाहेर गेल्यावर बहिणीनेच वण राहू द्या म्हटलं होतं. ती म्हणाली होती, फोटो बघून येणारा घरी येऊन तोंड बघणारच, आणि तो उठून जाताना तिला आता पाहवणार नाही.

मी विचारलं, फोटो कोणी काढायला लावला? तो म्हणाला, "पैसा तुन्हा शे, भाऊ. तोंड तिनं शे."

दुसरा काढून द्यायला तो तयार होईना. शेवटी तोच फोटो स्थळं सुचवणाऱ्या रनाळ्याच्या मामांकडे धाडला. पुष्कळ दिवस काही कळलं नाही, तेवढे दिवस मी फोटोवाल्याच्या दारावरून गेलो नाही. मग चिंचपाड्याकडचा एक कंपाउंडर पाहायला आला. चहा पूर्ण प्यायला. तोंड मी आधीच पाहिलंय म्हणाला, आता बोलणं ऐकू द्या. दुसरा कप मागितला. लग्न त्याच वर्षी झालं.

लोक म्हणाले, आता तरी त्या म्हाताऱ्या फोटोवाल्याशी बोल. का बोलू? माझ्या बहिणीचं त्याने ऐकलं, मला विचारलं नाही. हा राग मी आजही सोडलेला नाही. लग्नाच्या फोटोलाही त्याला बोलावलं नाही. पुढे तो मुलाकडे सुरतेला गेला आणि तिकडेच वारला. एस.टी.च्या कंडक्टरने जाताजाता सांगितलं. मी तेव्हा मिरचीचा वाटा पारखत होतो. हातातली मिरची कितीतरी वेळ हातातच राहिली.

त्याची खोली एका तरुण पोराने घेतली. बहीण माहेरी आली तेव्हा आम्ही सगळे तिथे फोटोला बसलो. तिच्या परतीच्या दिवशी आम्ही दोघं फोटो घ्यायला गेलो. पोराने मोठ्या कौतुकाने समोर धरला. सगळ्यांचे चेहरे सोललेल्या अंड्यासारखे.

बहिणीने स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून मला विचारलं, "भाऊ, हाई कोन शे?"

मी फोटो काउंटरवर आपटला. पुन्हा बसतो म्हणालो, आत्ताच. पोरगा गडबडला. सगळेच पुसून मागतात, म्हणाला.

"मग माझं पुस," मी म्हटलं. "कपाळावरच्या आठ्या पुस, काय पुसायचं ते पुस. हिच्या तोंडाला हात लावायचा नाही."