पाहुणीची पन्नासावी धाव

अमेरिकेचा महिला क्रिकेट संघ तेव्हा नवाच होता आणि पाहुण्या देशाचा संघ पहिल्यांदाच इकडे दौऱ्यावर आला होता. प्लेनोजवळच्या मैदानावर स्कोअर लिहायला आम्ही दोघं स्वयंसेवक होतो: यजमानांकडून मी आणि पाहुण्यांसाठी नागपूरची एक इंजिनिअर मुलगी. दोघांनी शेजारी बसून आपापल्या वहीत लिहायचं आणि षटक संपलं की एकूण धावांचा ताळा करायचा.

शेजारी मराठी माणूस म्हटल्यावर मला राहवेना. गाव विचारून झालं, कॉलेज झालं, मग आडनावावर आलो. तिने वहीत एक चेंडू टिपला. मी तिच्याकडे वळून पुन्हा विचारलं. तिने मैदानावरची नजर न हलवता सांगितलं आणि मला हवं ते कळलं. आडनावावरून जात हुंगायची ही खोड अर्धं आयुष्य टेक्सासात काढूनही गेली नाही. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

मान वळवली तोवर एक धाव काढून झाली होती. चेंडू पॅडला लागून मागे गेला असणार, म्हणून मी लेग बाय ठोकून दिला, म्हणजे धाव संघाची, बॅट धरणारीच्या नावावर नाही. पंचांनी खूण केली की नाही, तेही पाहिलं नाही. एकूण धावा जुळल्या.

डाव संपल्यावर घोटाळा निघाला. पाहुण्यांच्या सलामीच्या पोरीच्या नावावर माझ्या वहीत एकोणपन्नास, नागपूरच्या मुलीच्या वहीत पन्नास. देशासाठीचं तिचं पहिलं अर्धशतक. पण धावफलक माझ्या वहीवर चालायचा, त्यामुळे तिने बॅट उंचावलीच नव्हती. पंचांना काही आठवेना. मी ठासून सांगितलं की ही नवीन आहे, हिचं लक्ष नसेल. खरं म्हणजे आडनाव कळल्यापासूनच तिची वही मला कच्ची वाटू लागली होती. पंचांनी माझे पांढरे केस पाहून माझी वही खरी धरली. नागपूरच्या मुलीने आपला आकडा खोडला.

आठवड्याने रेकॉर्डिंग पाहिलं. चेंडू चक्क बॅटला लागला होता आणि पंचांनी लेग बायची खूण केलीच नव्हती. चूक माझी, असं आयोजकांना कळवलं. नोंद सुधारली, पण संघ केव्हाच मायदेशी परतला होता. मग त्या नागपूरच्या मुलीला फोन केला. माझं लक्ष जरा इकडेतिकडे गेलं होतं, असं काहीसं पुटपुटलो.

"इकडेतिकडे नाही, काका," ती म्हणाली. "तुम्ही मला आडनाव विचारत होता. मी बॉल बघत होते."