बबनच्या कणकेचं माप

"काका, चार वाजता आमच्या गावाच्या पाण्याचा नंबर हाय. हुकला तर आठ दिवसांनी."

बबन चांदवडकडच्या एका गावात पाणी सोडतो. त्याच्या हातात व्हॉल्व्हची लांब किल्ली होती, तोंडाशी फुटलेली. व्हॉल्व्ह खोल खड्ड्यात, तिथे पाना पोचत नाही. किल्लीचं चौकोनी भोक व्हॉल्व्हच्या चौकोनी दांडीवर बसलं तरच तो फिरतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉप त्या दिवशी बंद, म्हणून कोणीतरी त्याला माझ्याकडे धाडलं. कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालो तरी घरामागच्या शेडमध्ये माझा जुना लेथ आहे.

बबननं पिशवीतून कणकेचा गोळा काढला. "काठीला लावून दांडीवर दाबलाय. मापाला."

"मला काय पोळ्या लाटायच्यात?" मी फुटक्या किल्लीला व्हर्नियर लावला. एकोणीस मिलिमीटर. विषय संपला.

जाड लोखंडाचा एक तुकडा लेथवर चढवला. गोल भोक सोपं. चौकोनाला कोपरे खरवडावे लागतात. मशीन बंद ठेवायचं, तुकडा धरणारा चक फिरू नये म्हणून अडकवायचा आणि टोकदार टूल हातानं आत-बाहेर ढकलायचं. दर वेळी केसाएवढा कीस निघतो. चकला चार जबडे, चक एका जबड्याएवढा फिरवला की पुढचा कोपरा. दीड तासात खांदे भरून आले. साडेबारा वाजले.

बबननं कणकेचा गोळा भोकाशेजारी धरला. "काका, हे लय मोठं दिसतंय."

"तुला जास्त कळतं का रे?"

तो हळूच म्हणाला, "जुनी पण घसरायची. मी आत पत्र्याचा तुकडा घालायचो."

कणकेतला खड्डा मोजला. सोळा. दांडी झिजलेली होती, किल्ली त्याहून जास्त. ही किल्ली घसरली असती तर दांडीचे उरलेले कोपरेही गेले असते. मग आठ दिवसांनीसुद्धा पाणी नाही.

"आधी का नाही बोललास?"

"बोललो ना. तुम्ही पोळ्या म्हणाले."

जाड लोखंड तेवढंच होतं. मी तुकडा उलटा केला आणि दुसऱ्या टोकाला सोळाचं भोक पाडलं. पुन्हा चार कोपरे. बबन टॉर्च धरून उभा. मला लाज वाटत होती. चुकीच्या भोकात जुन्या किल्लीचा दांडा ठोकून शेजारच्या वेल्डरकडून वेल्ड मारून घेतला. अडीचला बबननं मोटारसायकलला किक मारली.

सव्वाचारला बबनचा फोन आला. नुसता पाण्याचा आवाज, मागे हंड्यांचा खडखडाट. मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो.

आता कोणी फुटका पार्ट घेऊन आलं की मी व्हर्नियर खिशातच ठेवतो. आधी विचारतो, "हा बसतो कशावर?" आणि मग समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो. बायकोला अजून हे खरं वाटत नाही.