जाळी कापणारी कुम-रे

आमच्या शिनजिन बंदरात कुम-रेइतकी वैतागलेली बाई दुसरी नसेल. बुडालेल्या जहाजांना अडकलेली मासेमारीची जाळी कापून काढणं हे तिचं काम. पाणी बर्फासारखं, आणि गाळ इतका की हात लांब केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. त्यात जोडीदार दोक-बे. तिच्याहून बराच लहान आणि अव्वल वेंधळा.

"पाय काय झाडतोस बैलासारखे? होतं नव्हतं तेही दिसेनासं केलंस!"

"ताई, गाळ काय मी आणून टाकला?"

माझ्या बोटीवर चढताना ती रोज बजावायची, "चुकामूक झाली तर शोधत बसायचं नाही. बोटीवरून सोडलेली दोरी चाचपत सरळ वर यायचं. शिरलं डोक्यात?" तो मान हलवायचा आणि नेमकं उलट करायचा. एकदा तिला शोधायच्या नादात स्वतःच जाळ्यात गुरफटला. तिनेच त्याला सोडवलं, आणि आठवडाभर शिव्या घातल्या.

मार्चमध्ये ती दोघं एका बुडालेल्या मालवाहू जहाजावर उतरली. थोड्या वेळानं दोक-बे एकटाच वर आला.

"ताई आली नाही?" त्याचा चेहरा उतरला. "दिसेनाशी झाली, म्हणून मी दोरी धरून आलो. परत जातो."

"सिलिंडर बघ आधी," मी त्याला धरून ठेवलं. "हवा कुठाय त्यात?"

तो कठड्याला टेकून पाण्यावरचे बुडबुडे बघत राहिला. तेही विरळ होत गेले. मी वायरलेसवरून किनाऱ्याकडे मदत मागत होतो, तेवढ्यात कुम-रे वर आली. ओठ निळे, एक हातमोजा फाटलेला. त्याला शोधत ती जहाजाच्या पोटात शिरली होती, कोपरा न् कोपरा चाचपला होता. बाहेर पडताना सिलिंडर जाळ्यात अडकला, तेव्हा जाळं कापून निघाली.

दोक-बेला बघून ती थिजलीच. "तू? तू वर काय करतोयस?"

"तूच सांगितलंस ना, शोधायचं नाही म्हणून."

"अकरा वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस, आणि आजच बरं सुचलं रे तुला!" तिनं हातमोजा काढून त्याच्या तोंडावर फेकला.

"मग तू का नाही आलीस वर?"

"तोंड बंद कर."

तिच्या गारठलेल्या बोटांना कप धरवेना. त्यानं सातूचा चहा तिच्या ओठांशी धरला. दोन घोट घेतल्यावर ती हमसून रडली, आणि चहा पाणचट आहे म्हणून त्याच्यावरच खेकसली.

दुसऱ्या दिवशी तिनं वावभर, दोन्ही हात पसरल्याएवढी, दोरी आणली. एक टोक त्याच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

"घट्ट होतंय, ताई."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि त्याला घेऊनच पाण्यात उतरली.