गोधडीचा घास

पूर्ण कशाला म्हणायचं, याबद्दल माझ्या सासूबाईंचा एकच नियम होता आणि तो गोधडीचा. गोधडी कडेपासून शिवायला घ्यायची, टाक्यांच्या रांगा घालत मधोमध पोचायचं आणि तिथे वाळक्या भाकरीचा तुकडा एका ठिगळाखाली शिवून टाकायचा. हा गोधडीचा घास. बाकीचे सगळे टाके पडल्याशिवाय तो भरवायचा नाही आणि तो भरवल्याशिवाय गोधडी कुणाच्या अंगावर घालायची नाही. उपाशी गोधडी ऊब कुठून देणार, असं त्या म्हणायच्या.

मला यातलं काही पटत नसे. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा माजिवड्याला एका कारखान्यात टायपिस्ट होते आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सासूबाई साताऱ्याकडच्या, बोलायला अगदी मोजक्या. माझी पोळी तव्यावर फाटली की नुसतं बघायच्या. त्या बघण्यात मला ‘अर्धवट’ असं स्वच्छ ऐकू यायचं.

मला दिवस राहिले आणि त्यांनी ट्रंकेतली जुनी लुगडी बाहेर काढली.

“आई, कल्याणला चांगल्या मऊ रजया मिळतात. आणू की एक.”

“आण,” म्हणाल्या आणि सुई ओवायला लागल्या.

दुपारभर गॅलरीत बसून शिवायच्या. हळूहळू सुई ओवायला वेळ लागू लागला. मग मलाच ओवायला सांगू लागल्या आणि मी कामावरून दमून आलेली, कुरकुरत ओवून द्यायची. एके दिवशी पाहिलं तर टाक्यांची रांग भलतीकडेच गेली होती. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जपा, म्हणाले.

रिक्षातून स्टेशनकडे येताना त्या म्हणाल्या, “बाळाची गोधडी अर्धीच राह्यली गं.”

डोळ्यांचं एक अक्षर नाही. मला गलबलून आलं की मी चिडते. “राहिली तर राहिली! मी शिवीन पुढची,” मी खेकसलेच. त्यांनी माझा हात धरला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

शिवणाची आणि माझी ओळख शर्टाच्या बटणापुरती. रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून मी टाके घालायची आणि त्या बोटांनी चाचपून सांगायच्या, “इथं लांब पडला.” मी उसवायची, पुन्हा घालायची. गोधडीच्या मधोमध एक हिरवं ठिगळ होतं, वेडंवाकडं लावलेलं. लुगडं तिथे फाटलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. एकदा बोटात सुई घुसली आणि मी गोधडी बाजूला भिरकावली. “मला नाही जमत तुमच्यासारखं!”

“माझ्यासारखं कशाला? दोघींचे हात दिसले तर बिघडलं कुठं?”

नववा महिना लागल्यावर मी त्या ठिगळापाशी पोचले. शेवटचा टाका घातला, दोरा तोडला आणि आतून भाकरीचा तुकडा घेऊन आले. गंमत म्हणजे नियम न पटणाऱ्या मला आता तो मोडायचा नव्हता. “आई, घास कुठे ठेवू?”

त्यांनी माझं बोट धरून त्या हिरव्या ठिगळावर दाबलं. आत काहीतरी टणक लागलं.

“भरवलाय.”

“कधी?”

“डॉक्टरकडनं आलो, त्याच दिवशी.”

“पण तेव्हा तर अर्धीच झाली होती. नियम तुमचाच ना?”

“तू शिवते म्हणालीस,” त्या म्हणाल्या. “मग राह्यलं काय?”

माझा एक टाकाही पडायच्या आधी या बाईने माझं काम पूर्ण धरलं होतं. आणि मी इतके महिने त्यांच्या नजरेत अर्धवट आहे असं समजून फुगून बसले होते. तेवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता. त्यांचे उपकार आजही मनात ताजे आहेत. त्या दिवशी मी गोधडीसकट त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले.

त्यांनी पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पुरे आता. बाळाची गोधडी भिजंल.”