थविनच्या ऐरणीवरचे दोन घण

लोहारांच्या गावात सांडशी धरील तो मालक. घण मारणारे कितीही दांडगे असोत, त्यांनी तो दाखवील तिथेच मारायचं. थविनच्या बापाने सांडशी पोराला न देता पोरीला दिली, कारण संफाव अंगाने रेड्यासारखा असला, तरी लोखंड पुरतं लाल होण्याआधीच घण उचलून उभा राहायचा. थविन मात्र भट्टीत डोकं घालून पात्याचा रंग बघत बसायची. कपाळावरची बट करपून गेली तरी तिला पत्ता नसायचा.

पासाक नदीकाठच्या त्या गावात घरोघर सुऱ्या, कोयते, विळे घडत. थविनच्या ऐरणीवर एका बाजूने नवरा चरून घण मारी आणि दुसऱ्या बाजूने धाकटा भाऊ संफाव. लय अशी, की दोन घण एकमेकांना कधी खेटले नाहीत. आणि हे दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

कारण होडी. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की विहाराच्या घाटासमोर होड्यांची शर्यत होते. एका वर्षी गावाची होडी पहिली येता येता, मोठ्या भन्तेंच्या डोळ्यांदेखत उलटली. चरून म्हणाला, संफाव आधी कलला. संफाव म्हणाला, दाजी आधी कलले. त्या दिवसापासून जो अबोला धरला तो धरलाच.

"थविन, तुझ्या भावाला सांग, टोकाकडे मार."

"ताई, दाजींना सांग, मला डोळे आहेत."

दोघांच्या मध्ये ऐरणीएवढं अंतर. थविन निरोप पोचवी आणि हातातल्या छोट्या हातोडीने ऐरणीच्या कडेवर टकटक करी. तिचा अर्थ एकच: तोंड मिटा, हात चालवा.

पुढे दोन घणांचे हादरे सांडशीतून झेलून झेलून तिचा खांदा धरला. ती सरळ गेली आणि विजेवर चालणारा घण घेऊन आली. आता घणकऱ्यांची गरज उरली नाही. तिला वाटलं, सुटले बिचारे, आता एकमेकांचं तोंड बघायला नको. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दोघंही हजर. एक या खांबाला टेकलेला, दुसरा त्या.

मशीन सुरू झालं. ठक, ठक, ठक.

बराच वेळ बघून चरून हवेतच बोलला, "याला घण म्हणायचं? दात पडलेली म्हातारी विडा कुटतेय."

"म्हातारी निदान कुटते तरी," पलीकडून संफाव म्हणाला. "हे नुसतं मान डोलावतंय, दाजी."

थविनच्या सांडशीतलं पातं निसटून खाली पडलं. 'दाजी' अशी थेट हाक मारली! दोघेही क्षणभर ओशाळले. पण मशीनला शिव्या घालायची संधी कोण सोडणार? शिव्या संपल्या तेव्हा मासे निघाले, मग शेजाऱ्याची म्हैस, मग गुडघे. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं बाहेर पडू लागलं, ते थांबेच ना. थविनने त्या दिवशी विहारात फुलं वाहिली.

महिन्याभराने सराबुरी शहरातून निवृत्त नर्सबायांची बस आली. मशीनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "हे नको. घण मारून दाखवा, आम्ही त्यासाठी आलोय."

थविनने पातं तापवलं, ऐरणीवर ठेवलं. दोघांनी घण उचलले.

"दाजी, काल ते वाम मासे सापडले का?"

"कसले वाम! जाळंच फाटलं. अरे, मी काय म्हणतो..."

ठण, ठण, खडाक! घणावर घण आदळला. पातं केळीच्या पानासारखं वाकडं झालं. नर्सबाया दोन पावलं मागे सरकल्या. दुसरं पातं घेतलं, त्याचीही तीच गत, कारण जाळं कुणी फाडलं हे अजून ठरायचं होतं. थविनने ऐरणीवर टकटक केली, कोण ऐकतो? शेवटी तिचा तोल सुटला.

"ते राहू दे! आधी सांगा, त्या होडीत पहिल्यांदा कोण कललं होतं?"

दोघांची तोंडं एकदम मिटली. चरूनच्या कपाळावर आठी, संफावचे गाल फुगलेले. आणि मग घण पडू लागले, एकसारखे, ताशावर टिपरू पडावं तसे. बघता बघता पातं लांबलं, टोक निघालं. बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"थविन, तुझ्या भावाला सांग, पाण्याची बादली सरकव," चरून म्हणाला.

"संफाव, बादली सरकव," थविन ओरडली.

एका नर्सबाईने चरूनकडे निरखून पाहिलं. "बादलीवाला तर शेजारीच उभा आहे. तरी तुमच्यामार्फत सांगतात? त्याचं बोलणं दादांना ऐकू येत नाही वाटतं, म्हणून तुमचा मोठा आवाज लागतो." तिने पिशवीतून टॉर्च काढला, चरूनला बाकावर बसवलं आणि कानात पाहिलं. "अगं बाई! इथे तर वारूळ झालंय." तेल घालून, धीर धरायला लावून तिने दोन्ही कान साफ केले.

"अहो, आता बरं वाटतंय का?" थविनने विचारलं.

चरून दचकून उठला. "ओरडतेस कशाला?"

"मी? लग्न झाल्यापासून मी अशीच बोलते!"

बस गेली. संफाव न जेवताच घरी निघून गेला. संध्याकाळी चरून जिन्यावर पाठ करून बसला. थविनने भाताचं ताट तसंच झाकून ठेवलं. आपण होऊन जुळलं होतं, ते आपल्याच जिभेने मोडलं, आणि तेही चार टाळ्यांसाठी. उद्या भावाच्या दारात जाऊन हात जोडायचे, असं ठरवून ती झोपली.

सकाळी भट्टी पेटवायला गेली, तर दोघे तिथे बाकावर शेजारी शेजारी बसलेले. चेहरे न्यायाधीशासारखे.

"ताई, आम्ही नीट विचार केला," संफाव म्हणाला.

"पूर्ण विचार केला," चरून म्हणाला. "होडी उलटायच्या आधी काठावरून कुणीतरी ओरडलं. एवढा मोठा आवाज गावात एकीचाच. आम्ही दोघांनी एकदम वळून पाहिलं."

"म्हणून कललो," संफावने पुस्ती जोडली. "चूक ना दाजींची, ना माझी."

थविनने तोंड उघडलं. त्या दिवशी ती तापाने फणफणून घरी पडली होती, काठावर गेलीच नव्हती. हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, कारण भिजल्या अंगाने घरी येऊन पहिलं भांडण त्यांनी तिच्याच अंथरुणापाशी केलं होतं. तिने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोघेही आपापल्या पायांचे अंगठे बघत होते.

"बरं," ती म्हणाली. "ओरडले असेन."

"पुन्हा नको ओरडूस हो," चरून मायेने म्हणाला.

संफावने डब्यातून केळीच्या पानातला चिकट भात काढला. त्याच्या बायकोने पहाटे उठून वाफवला होता. तिघांनी भट्टी तापेपर्यंत तो खाल्ला. त्यातला मोठा पुडा थविनच्या वाट्याला आला, आणि तो तिने कुणालाही न विचारता संपवला.