बुळबुळ जिवंत हवी

परबकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा परळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्याच बर्फाच्या पेटीचं झाकण उघडत होते. तीन आठवडे झाले... अजून एका जागी बसवत नाही.

काका आमचे लॅब असिस्टंट, राहायला नायगावला. सकाळी खाटकाकडून डुकराचं ताजं आतडं आणायचं, उभं चिरायचं आणि आतला बुळबुळीत थर अलगद खरवडून द्यायचा, हे त्यांचं काम. औषधाचे बारीक कण त्या थरातून किती पार होतात, हे बघणं माझं. आम्ही त्याला म्यूकस म्हणायचो, काका बुळबुळ. बाजारात पापलेट निवडावं तसं बोट लावून बघायचे, "जिवंत आसा" म्हणायचे, की मी कामाला लागायचे.

गेल्या वर्षी मला पेपर पाठवायची भलतीच घाई. म्हटलं, काका, आठवड्याचं एकदम आणा, फ्रीजरमध्ये टाकू. ते कुरकुरले, "मॅडम, गोठवल्यावर तेचा पाणी होता. मगे तेच्यात काय अडकतला?"

"तुम्ही मासे बघा, विज्ञान माझ्यावर सोडा." असं बोलले मी! काय म्हणावं या जिभेला... गोठवून वितळवलेल्या थरातून कण सुळकन पार झाले. मी पेढे वाटले. मग ताज्या थरावर करून पाहिलं, तर तेच कण जागच्या जागी अडकले. फ्रीजरने घोळ केलाय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण आमच्या विभागप्रमुख सरांनी केबिनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, चूक कुठे झाली, आणि मी बोलून गेले, "परबांनी नीट हाताळलं नसेल." काका दारातच उभे होते, हातात पेटी.

पेपर मी थांबवला, पद्धत बदलली. माफी तेवढी राहिली. काका निवृत्त झाले. परळहून नायगाव, चालत जाण्यासारखं! आज जाऊ, उद्या जाऊ... शेवटी गेले ती त्यांच्या दहाव्याला. मुलगी म्हणाली, "बाबा सांगायचे, आमच्या मॅडम तापट, पण खोटं नाही बोलायच्या."

पेटीच्या झाकणावर त्यांचं अक्षर अजून आहे : 'जिवंत. फ्रीजरात घालू नये.' काल त्या पेटीकडे बघवेना, म्हणून जुनी नोंदवही काढली. केबिनमधल्या त्या दिवसापुढे माझं अक्षर : 'हाताळणीत चूक, परब.' त्यांचं नाव खोडलं, माझं लिहिलं. मग वही घेऊन सरांच्या केबिनपाशी गेले, आणि काका उभे होते तिथेच, दारात उभी राहिले.